रंग सगळ्यात शेवटी

रबाळे एमआयडीसीतली एक छोटी शेड रिकामी होत होती. लेथ आणि मिलिंग मशीन आधीच विकली गेली होती, उरलंसुरलं न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी उभा होता. कोपऱ्यात फाटक्या ताडपत्रीखाली एक बेंच ड्रिल सापडलं. नेमप्लेट झिजून गुळगुळीत झालेली, वाचता येत होतं ते फक्त गावाचं नाव: बटाला. पंजाबातल्या या गावच्या बिडाच्या ओतकामावर देशभरातली कितीतरी लहान वर्कशॉप उभी राहिली आहेत. भंगारवाल्याने ते काट्यावर घातलं, बिडाचा भाव लावला आणि मी पैसे दिले.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत पसरलेली ही औद्योगिक वसाहत नवी मुंबईपेक्षा वयाने मोठी आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० साली, एमआयडीसी त्याआधी आठ वर्षं. मोठ्या रासायनिक कारखान्यांच्या आधाराने इथे लहान लहान जॉबवर्कच्या शेड उभ्या राहिल्या. आता त्याच रस्त्यावर आयटी पार्क आहेत, डेटा सेंटर आहेत, आणि शेड विकली गेली की आतली मशीनं कळंबोली किंवा कुर्ल्याच्या दिशेने निघतात. घरी वर्कशॉप थाटायची हौस असलेल्याने नजर ठेवावी ती या टेम्पोंवर.

पण डोळे मिटून घेऊ नये. जुन्या ड्रिलमध्ये बदलता येण्यासारखं बरंच असतं: मोटर, पट्टा, बेअरिंग, चक, हँडलच्या मुठी. सहज बदलता न येणाऱ्या गोष्टी तीनच: बिडाचं डोकं, खांब आणि स्पिंडल. म्हणून तपासायचं ते एवढंच.

बीड तपासायला डोळ्यांआधी कान लागतो. बाजारात मडकं वाजवून घेतात तसं पाया, टेबल आणि डोकं लहान हातोडीने वाजवून बघायचं. धड बीड खणखणतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग हँडल फिरवून क्विल पूर्ण खाली आणायची. क्विल म्हणजे स्पिंडलला बाहीसारखी असलेली पोलादी नळी. स्पिंडल तिच्या आत फिरतं आणि तिच्यासकट खालीवर होतं. ती खाली असताना चक मुठीत धरून मागेपुढे, डावीउजवीकडे हलवायचा. नुसतं स्पिंडल डुगडुगत असेल तर दोष बेअरिंगचा, म्हणजे काम स्वस्तात होईल. क्विलच डोक्यात डुगडुगत असेल तर बिडाचं भोक झिजलेलं आहे. ते बोअर करून बुश मारून मिळतं, पण त्या खर्चात दुसरं मशीन येतं. शेवटी स्पिंडल हाताने हळूहळू फिरवून चकच्या टोकाकडे टक लावून बघायचं. टोक गोल गोल लहरताना दिसलं तर एक तर चक बिघडलेला आहे किंवा स्पिंडल वाकलेलं. यातलं कोणतं, हे शेडमध्ये उभ्याने कळत नाही. तेवढा जुगार खेळावा लागतो.

मी हे सगळं केलं ते आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त फिटर काकांच्या सांगण्यावरून. रासायनिक कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये त्यांचा जन्म गेला. मशीन घरी आल्यावर मी उत्साहात म्हणालो, "काका, बघा ना, छान फिरतंय."

"फिरतो तर पंखाही," काका म्हणाले. "भोक पाडतो का?"

खोलताना पहिला नियम: मोबाइलवर फोटो. दुसरा: प्रत्येक जोडाचे बोल्ट वेगळ्या डबीत. हा दुसरा नियम जुन्या मशीनला जास्तच लागू पडतो. आपल्याकडे मेट्रिक मापं सक्तीची होऊन साठ वर्षं उलटली, तरी वर्कशॉपमध्ये आजही बोल्ट सुतात मागतात. एक इंच म्हणजे आठ सूत, तेव्हा चार सुती बोल्ट म्हणजे अर्धा इंच. चार सुती व्हिटवर्थ बोल्टला इंचाला बारा आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंश. बारा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचा कोन ६० अंश, आटे इंचाला साडेचौदाच्या आसपास. दिसायला दोन्ही भावंडं, पण एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात जोर लावून घातला की दीड-दोन फेऱ्यांत बिडाचे आटे भुगा होऊन हातात येतात. माझ्या मशीनवर दोन्ही जाती नांदत होत्या. मधल्या कुठल्या तरी मिस्त्रीने हाताला लागला तो बोल्ट बसवला होता.

गंजून धरलेला बोल्ट थेट उलटा फिरवू नये. गंज उतरवणारं तेल मारून रात्रभर ठेवावं, डोक्यावर दोन-चार ठोके द्यावेत, मग आधी केसभर आवळायच्या दिशेने हलवावा आणि नंतर सैल करावा. तरीही ऐकला नाही तर भोवतालचं बीड तापवावं. बीड फुगतं, पकड सुटते.

एका ठिकाणी मात्र खरा धोका आहे. हँडल सोडल्यावर क्विल आपोआप वर जाते ती डोक्याच्या बाजूला असलेल्या चपट्या डबीतल्या स्प्रिंगमुळे. जुन्या भिंतीवरच्या घड्याळात असते तशी ती गुंडाळलेली पोलादी पट्टी असते आणि ताणलेल्या अवस्थेत आत दबा धरून बसलेली असते. डबीचा नट काढला की ती हात सोलून काढते. नट थोडा सैल करायचा, डबी पकडीने घट्ट धरायची आणि एकेक खाच सोडत ताण उतरू द्यायचा. या वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच. किती फेऱ्या सुटल्या ते लिहून ठेवावं, बसवताना तेवढ्याच लागतात.

आता गंज. पाम बीच रस्त्याकडून खाडीचा वारा येणाऱ्या आमच्या गावात गंजाचं वेगळं कौतुक सांगायला नको. खांब, क्विल अशा घासून गुळगुळीत केलेल्या भागांना बारीक पॉलिश पेपर आणि तेल पुरतं. खांबाला पट्टी गुंडाळून, बुटाला पॉलिश करतात तशी दोन्ही हातांनी ओढायची. पण टेबल, पाया, ब्रॅकेट यांच्या खाचाखोचांत घासणं पोचत नाही. तिथे वीज कामाला लावावी.

प्लास्टिकच्या टबमध्ये दहा लिटर पाणी आणि शंभरेक ग्रॅम धुण्याचा सोडा. कॉस्टिक नव्हे, साधा धुण्याचा. त्यात गंजलेला भाग बुडवायचा आणि त्याच्याभोवती, त्याला न टेकतील अशा, बांधकामावर उरलेल्या लोखंडी सळ्या उभ्या करायच्या. बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर घ्यायचा, तोही जुन्या पद्धतीचा, कारण नवे हुशार चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर चालूच होत नाहीत. उणे टोक मशीनच्या भागाला, अधिक टोक सळ्यांना. ही जोडणी उलटी झाली तर गंज राहतो बाजूला आणि तुमचं टेबलच विरघळायला लागतं. उणे टोकाशी बारीक बुडबुडे येतात, तो हायड्रोजन. गंजाचा काही भाग परत काळ्या, भुसभुशीत थरात बदलतो, बाकीचा बुडबुड्यांबरोबर सुटतो आणि वर विटकरी फेस जमतो. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून हे काम बंद खोलीत करायचं नाही. सळ्यांच्या जागी स्टेनलेसचा डाव किंवा ताटली अजिबात वापरू नये. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि स्प्रिंग या टबात घालायची नाही, हायड्रोजन मुरला की ताणलेलं पोलाद ठिसूळ होतं.

मी हे केलं जुलैत. टेबल संध्याकाळी बाहेर काढलं, ब्रशने धुतलं, राखाडी सुंदर बीड बघून खूश झालो आणि जेवायला वर गेलो. तासाभराने खाली आलो तर टेबल हळद लावल्यासारखं पिवळं-नारिंगी. नंगं बीड आणि पावसाळी हवा यांच्यात जेवणाएवढी सुट्टी चालत नाही. दुसऱ्यांदा मात्र टबातून काढलं की कढत पाण्याने धुणं, लगेच हेअर ड्रायर आणि गरम असतानाच तेलाचा हात, असं सलग केलं.

एवढं झालं की लोक रंगाच्या डब्याकडे वळतात. मीही वळलो होतो. काकांनी डबा बघितला आणि विचारलं, "कुणाला दाखवायला नेणार आहेस का?" रंगाच्या आधी बेअरिंग.

बेअरिंगवरचा नंबर ही सोपी भाषा आहे. शेवटचे दोन आकडे आतलं भोक सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. माझ्या क्विलमध्ये खाली ६२०३ होतं आणि वर ६२०२. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची. ड्रिलवर धातूचा बारीक चुरा उडतो, म्हणून मी रबरी झाकणाची घेतली. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर ती मिळतात, पण तिथेही बेअरिंग नेहमीच्या आणि पक्क्या दुकानातूनच घ्यावं. नामांकित छापाची नक्कल खोक्यासकट हुबेहूब मिळते.

बसवताना मी एक बेअरिंग बाद केलं. स्पिंडलवर चढवायचं होतं आणि मी बाहेरच्या कड्यावर ठोकत राहिलो. बसलं छान, पण हाताने फिरवल्यावर दाणे मोजता येतील अशी कर्र कर्र. झालं असं की आतलं कडं स्पिंडलवर घट्ट, मी ठोकत होतो बाहेरचं, म्हणजे प्रत्येक ठोका मधल्या गोळ्यांतून जात होता आणि गोळे आपल्या वाटेत खळगे पाडत होते. तेव्हा शाफ्टवर बसवताना जोर आतल्या कड्यावर, बेअरिंगच्या घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, बसवताना बाहेरच्या. आतल्या कड्याएवढा पाइपचा तुकडा घेतला की चूक होत नाही. काकांची युक्ती त्याहून सोपी निघाली. त्यांनी कुठून तरी जुना शंभर वॅटचा तारेचा बल्ब आणला, पेटवून त्यावर बेअरिंग टोपीसारखं ठेवलं, दहाएक मिनिटांनी फडक्यात धरून स्पिंडलवर सोडलं. आतलं कडं फुगलेलं असल्याने ते नुसत्या वजनाने जागेवर जाऊन बसलं. ठोका एकही नाही.

स्पिंडलच्या खालच्या तोंडाशी निमुळतं भोक असतं, तो मोर्स टेपर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीफन मोर्सने १८६०च्या दशकात आणलेलं हे माप जगभर चालतं. माझ्या मशीनला दोन नंबरचा टेपर आहे. वीस मिलिमीटर लांबीला व्यास साधारण एक मिलिमीटरने कमी होतो. उतार इतका मंद की चकचा दांडा आत सरकवून एक झटका दिला की घर्षणच त्याला धरून ठेवतं, ना आटे ना बोल्ट. कुदळीच्या नेढ्यात दांडा आवळून बसतो, तीच गोष्ट. काढताना बाजूच्या खाचेतून पाचर घालून ठोकायचं. पण ही पकड पूर्ण पृष्ठभाग टेकला तरच. आत करंगळी फिरवून बघा, कुठे ओरखडा उठून आलेला लागेल, कुठे जुनं तेल चिकटलेलं. तेल पुसायचं, उठलेली कड हातरीमरने अलगद उतरवायची. टेपर कोरडा हवा. तिथे मायेने तेल लावणारे पुष्कळ भेटतात आणि मग चक कामाच्या मध्येच खाली येतो.

आता डायल गेज, ०.०१ मिमी मोजणारं. आधी टेपरच्या आतल्या भिंतीला सुई टेकवून स्पिंडल हाताने फिरवलं: फरक ०.०२. मग जुना चक बसवून त्यात बारा मिलिमीटरची ग्राइंड केलेली डोवेल पिन धरली आणि तिच्यावर मोजलं: ०.१८. म्हणजे स्पिंडल निर्दोष, चोर चकमध्ये. हा क्रम उलटा केला असता तर सरळ स्पिंडल वाकलं म्हणून मशीनच टाकून दिलं असतं. नवा चक आणि त्याचा नवा दांडा, म्हणजे आर्बर, बसवल्यावर फरक ०.०६वर आला. घरच्या कामाला तेवढं पुष्कळ. शेडमध्ये खेळलेला जुगार मी त्या क्षणी जिंकलो.

चक सरळ फिरला तरी टेबल त्याला काटकोनात नसेल तर भोक तिरकं जाणार. यासाठी महागडं काही लागत नाही. जाड तार काटकोनात दोनदा वाकवून चकमध्ये धरायची, टोक टेबलापासून जेमतेम वर आणि मध्यापासून शंभर मिलिमीटर लांब. स्पिंडल हाताने फिरवत चारही बाजूंना टोकाखालची फट फीलर गेजने बघायची. टेबलाची पकड आवळलेली असतानाच हे करायचं, सैल टेबल खोटं बोलतं. डावीउजवीकडची फट टेबल तिरपं करायच्या जोडातून जुळली. पुढे मात्र मागच्यापेक्षा ०.३ मिमी जास्त निघाली, म्हणजे टेबल पुढे झुकलेलं.

मी हुशारीने खांबाच्या फ्लँजखाली पातळ पत्रा सरकवला आणि पुन्हा मोजलं. फरक शून्य. काका हसायला लागले. खांब मागे झुकवला की डोकं आणि टेबल दोघंही बरोबर झुकतात, एकमेकांशी त्यांचं नातं तेच राहतं. पत्रा हवा तो टेबल आणि ब्रॅकेट यांच्या उभ्या जोडात, खालच्या कडेला. जोडाची उंची साठ मिलिमीटर. दोनशे मिलिमीटरवर ०.३ उचलायचं तर साठवर ०.०९ लागेल. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. कात्रीने एक पट्टी कापली, आत सरकवली, आवळलं. तार चारही बाजूंना सारखीच सरकली.

मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची, थ्री फेज, आणि घरात सिंगल फेज. दोन वाटा होत्या. सिंगल फेज मोटर घेऊन बसवायची, किंवा २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारी व्हीएफडी लावायची. मी दुसरी निवडली, कारण वेग बटणावर येतो. पण अशी ड्राइव्ह बाहेर देते तेही २३०च व्होल्ट, आणि आपल्याकडच्या लहान मोटरी बहुधा ४१५ व्होल्टवर स्टारमध्ये जोडलेल्या असतात. तीच वाइंडिंग डेल्टात जोडली की २३०वर नीट चालते. त्यासाठी सहाही टोकं डबीत बाहेर आलेली हवीत. माझ्या मोटरची तीन आत गाडलेली होती. ती वाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घेतली आणि त्याच फेरीत मेगरने इन्सुलेशनही तपासलं. हे काम यूट्यूब बघून स्वतः करू नये. अर्थिंग पक्कं हवंच. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये स्विच ठेवून तो चालू मशीनवर खटकवू नये, ड्राइव्ह मरते.

पुली चार पायऱ्यांची: ६०, ८५, ११० आणि १३५ मिलिमीटर, दोन्हीकडे सारखीच पण उलटी. कोणतीही जोडी घ्या, बेरीज १९५ येते, म्हणून एकच पट्टा चारही ठिकाणी बसतो. मोटर १४४०ने फिरते, तेव्हा वेग मिळतात साधारण ६४०, १११३, १८६४ आणि ३२४०. कुठला कधी, याचा हिशेब असा: साध्या लोखंडाला हायस्पीड स्टीलचा ड्रिल मिनिटाला २५ मीटर या गतीने कापतो. ३१८ला २५ने गुणा आणि ड्रिलच्या व्यासाने भागा. दहा मिलिमीटरला आले ७९५, म्हणजे ६४०ची पायरी. सहाला १३२५, म्हणजे १११३ची. मधलं काही आलं तर खालची पायरी घ्यावी, ड्रिल जळत नाही. लाकडाला याहून बरंच वर जाता येतं. बिडाला थोडं खाली. जाड कामासाठी ड्राइव्ह २५ हर्ट्झवर आणली की ६४०चे ३२० होतात, मात्र मोटरचा पंखाही तेवढाच मंदावतो, म्हणून फार वेळ नको.

मग रंग. रेड ऑक्साइड, त्यावर राखाडी हॅमरटोन, दोन हात. एवढंच.

टेबलावर मात्र शिकाऊ पोरांनी वर्षानुवर्षं पाडलेली अकरा अर्धवट भोकं आहेत. ती बुजवायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी नाही बुजवली. कामाखाली अठरा मिलिमीटरचा प्लायचा तुकडा ठेवतो, बारावं भोक होऊ नये म्हणून.

चालवताना हातमोजे नाहीत. ऐकायला उलटं वाटेल, पण ड्रिलने मोज्याचा धागा पकडला की मागोमाग बोट जातं. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, अंगठी, सगळं बाजूला. चकची चावी काढून बाजूला ठेवेपर्यंत स्विचकडे हात जाऊ द्यायचा नाही. पातळ पत्रा हाताने धरू नये. ड्रिल आरपार जाता जाता पत्र्याला हिसका देतो आणि पत्रा भिंगरीसारखा फिरतो. व्हाइस टेबलाला बोल्टने बांधलेला असावा. पावसाळ्यात मशीनवर प्लास्टिक टाकू नये, आत दमटपणा कोंडतो. जुनी सुती चादर बरी, आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी टेबल आणि खांबावर तेलाचा फडका.

सगळं जोडून झाल्यावर काकांना बोलावलं. त्यांनी हॅमरटोनकडे बघितलं नाही. हँडल ओढून क्विल पूर्ण खाली आणली, चक मुठीत धरला, मागेपुढे हलवला, डावीउजवीकडे हलवला. मग झाकण उघडून अंगठ्याने पट्टा दाबला.

"जरा सैल कर," म्हणाले.